बेळगावकडच्या घरासाठी स्वस्तातला डीव्हीडी प्लेअर: आधी सीड्यांची पिशवी उपसा

आता डीव्हीडी प्लेअर कोण घेतंय, असं पुण्या-बेंगळुरूत नोकरीला असलेला भाचा विचारतो. त्याला कपाट उघडून दाखवावं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत लग्नाचं शूटिंग, वास्तुशांत, आजोबांची पंच्याहत्तरी अजून सीडीवरच आहे. त्याच पिशवीत हरिपाठ, मराठी नाटकं आणि सौंदत्तीच्या जत्रेत घेतलेली कन्नड भक्तिगीतंही असतात. जुना प्लेअर बंद पडला की हे सगळं एका दिवसात मुकं होतं.

दुकानातला खोका बघून प्लेअर निवडू नका. त्याची निवड दोन ठिकाणी होते: घरातल्या सीड्यांच्या पिशवीत आणि टीव्हीच्या पाठीमागं. ही दोन्ही नीट बघितली तर साधं, स्वस्त यंत्रही पुरतं. न बघता महागातलं आणलं तर नेमकी लग्नाचीच सीडी लागत नाही.

पिशवी उपसा

सगळ्या सीड्या सतरंजीवर पसरा आणि वेगळ्या काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे सगळे निर्णय यावरच होतात.

व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेली साधी सीडी, ओळखायला सोपी. तिच्यावर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून एकच सिनेमा किंवा एकच लग्न दोन-तीन सीड्यांत विभागलेलं असतं. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांत ८.५ जीबी मावतं, त्यामुळं सगळं लग्न एकीवरच येतं. भजनांची एमपी३ सीडी असेल तर तिच्यावर शंभरावर गाणी असतात. शंका असेल तर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडून बघा. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसेल, डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’.

मग प्रत्येकीची खालची बाजू उजेडात धरा. स्वच्छ चांदीसारखी दिसली तर ती कारखान्यात छापलेली. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक दिसली तर ती स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर लिहून दिलेली. या लिहिलेल्या सीड्यांत माहिती रंगाच्या थरावर असते आणि तो थर ऊन, उष्णता आणि वर्षं यांनी उतरत जातो. प्लेअरची खरी परीक्षा यांच्यावरच होते.

आता जरा आतल्या रचनेचं सांगतो, कारण दुकानदार हे सहसा सांगत नाहीत. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो, तर सीडी-व्हीसीडीला ७८० नॅनोमीटरचा. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगाचा थर लाल लेसरला नीट दिसत नाही, म्हणून प्लेअरच्या एकाच लेन्सखाली हे दोन्ही लेसर बसवलेले असतात. त्यातला एक कमजोर होऊनही दुसरा ठणठणीत राहू शकतो. ‘डीव्हीडी लागते, पण व्हीसीडी लागत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. म्हणून एकच सीडी लावून बघणं म्हणजे अर्धा प्लेअर तपासणं.

या ढिगातून दोन सीड्या बाजूला काढा: सगळ्यात जुनी, लिहिलेली व्हीसीडी आणि सगळ्यात लांब चालणारी डीव्हीडी. दुकानात याच न्यायच्या.

पाहुण्यांनी परदेशातून आणलेल्या विकतच्या डीव्हीड्या असतील तर पाठीमागं पृथ्वीच्या खुणेत एक आकडा बघा. भारताचा विभाग ५, आखाती देश आणि युरोपचा बराचसा भाग २, अमेरिका १. प्लेअर फक्त ५ चा असेल तर दुबईहून आलेली २ ची डीव्हीडी तो नाकारेल. बऱ्याच स्वस्त प्लेअरांत सगळे विभाग उघडे असतात, काहींत नसतात. तुमच्याकडं अशी डीव्हीडी असेल तरच हे विचारा, नसेल तर सोडून द्या. घरच्या शूटिंगच्या सीड्यांना हा प्रश्नच नाही.

टीव्हीच्या पाठीमागं वाकून बघा

मोबाईलनं टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. दुकानात ‘किती भोकं आहेत’ हे तोंडी सांगताना गोंधळ होतो.

पिवळं, लाल, पांढरं अशी तीन भोकं असतील तर कुठलाही प्लेअर चालेल. पिवळ्यातून चित्र जातं, लाल आणि पांढऱ्यातून आवाज. नव्या काही टीव्हींत पिवळं भोक दिसत नाही. हिरव्या भोकावरच ‘व्हिडिओ’ असंही लिहिलेलं असतं. तिथं पिवळी पिन हिरव्यात बसते. चित्र काळंपांढरं आलं तर प्लेअर खराब समजून परत करायला धावू नका. टीव्हीचा इनपुट ‘कंपोनंट’वर राहिलेला असण्याची शक्यता जास्त. रिमोटनं तो ‘एव्ही’वर आणा.

काही टीव्हींना इअरफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि सोबत एक छोटी वायर येते, तिच्या दुसऱ्या टोकाला ही तीन रंगांची तोंडं. ती वायर हरवली असेल तर त्याच टीव्हीच्या नावानं मागा. बाजारात दिसायला तशाच असलेल्या वायरींत आतली जोडणी वेगवेगळी असते. चित्र लाल तोंडातून आणि आवाज पिवळ्यातून येऊ लागला तर वायर दुसऱ्याच जातीची आहे असं समजा.

फक्त एचडीएमआय असलेला टीव्ही असेल तर दोन वाटा. एक, एचडीएमआयवाला प्लेअर घ्यायचा. दोन, साध्या प्लेअरला मधे कन्व्हर्टरची डबी लावायची. डबी घेताना दिशा तपासा. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ या दोन वेगळ्या डब्या आहेत, दिसतात जुळ्या बहिणींसारख्या, आणि उलटी डबी लावली तर काहीच दिसत नाही. आपल्याला पहिली हवी. तिला यूएसबीतून ५ व्होल्टची वीज द्यावी लागते, म्हणजे आणखी एक वायर लोंबकळणार. प्लेअर नवाच घ्यायचा असेल तर सरळ एचडीएमआयवाला घ्यावा असं माझं मत.

एचडीएमआयवाल्या खोक्यावर ‘१०८०पी अपस्केलिंग’ मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, व्हीसीडीचं तर ३५२ गुणिले २८८ चं. प्लेअर ते ताणून मोठं करतो, नवे ठिपके कुठून आणणार? ताणायचं काम टीव्हीलाही येतं. ४३ इंची टीव्हीवर व्हीसीडी धूसरच दिसणार, त्यात कुणाचा दोष नाही. चार हात लांब बसा.

कोणत्या प्रकारचा

बहुतेक घरांना एक ट्रे, एचडीएमआय, सोबत तीन रंगांची भोकं आणि पुढं यूएसबी एवढं असलेला साधा प्लेअर पुरतो. नव्याला तीन हजारांच्या वर जायचं कारण मला तरी दिसत नाही.

यूएसबीबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. स्वस्त प्लेअर पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तरच ओळखतात, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. ६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीचा येतो, म्हणून बरेचदा ‘नो डिस्क’ एवढंच दिसतं. मोबाईलवर काढलेले व्हिडिओ या प्लेअरांवर सहसा चालत नाहीत. ते टीव्हीच्याच यूएसबीत लावा. एमपी३ भजनं मात्र व्यवस्थित वाजतात.

‘ब्लू-रे घेतला की सगळंच चालेल’ असं काही जण सांगतात. डीव्हीडी चालेल हे खरं. पण अनेक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी घेतच नाहीत. ज्या घरात व्हीसीड्या जास्त, त्यांनी माहितीपत्रकात व्हीसीडीचं नाव शोधल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

स्क्रीनवाला पोर्टेबल प्लेअर म्हातारीच्या खोलीत, शेतातल्या घरी सोयीचा. त्याची बॅटरी लवकर थकते. बाकी पाच स्पीकरांचं होम थिएटर सीड्या बघण्यासाठी घेऊ नये.

घरात लॅपटॉप असेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह हा सगळ्यात शहाणपणाचा पर्याय. व्हीएलसी हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं की डीव्हीडी, व्हीसीडी दोन्ही लागतात आणि कॉपीही करता येते. हा ड्राइव्ह थेट टीव्हीच्या यूएसबीत खुपसून मात्र काही होत नाही. आणि आई-वडिलांना रोज संध्याकाळी लॅपटॉप जोडून देणारं माणूस घरात नसेल तर रिमोटवाला प्लेअरच बरा.

जुना घ्यायचा तर असा तपासा

बेळगावात खडेबाजार-गणपत गल्लीच्या बाजूला फिरलात किंवा निपाणी-चिकोडीच्या रिपेअरवाल्यांकडं विचारलंत तर जुना प्लेअर मिळून जातो. नामांकित कंपनीचा जुना, चांगल्या लेन्सचा प्लेअर अनोळखी नव्यापेक्षा बरा असू शकतो. पण ‘काका, आधी लावून दाखवा की,’ असं म्हणायला लाजू नका. जो लावून दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आधी ट्रे दोन-तीनदा आतबाहेर करा. अडखळत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय. ती दुरुस्ती किरकोळ, पण भाव पाडायला कामाची. मग तुमची व्हीसीडी लावा. चित्र यायला अर्धा मिनिट लागत असेल, आत खरखर होत असेल तर लेन्स थकलीय.

चित्र आलं म्हणून लगेच खूश होऊ नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवात आतल्या कडेला असते, शेवट बाहेरच्या. सीडी वाकडी असेल किंवा लेन्स कमजोर असेल तर गडबड बाहेरच्या बाजूला आधी दिसते. म्हणून रिमोटनं सरळ शेवटच्या दहा मिनिटांवर जा आणि तिथं पाच मिनिटं बघा. लग्नातलं जेवण सुरळीत दिसलं आणि पाठवणीला चौकोन फुटायला लागले तर हा प्लेअर घेऊ नका. मग डीव्हीडीवर हेच करा, म्हणजे दुसरा लेसरही तपासून होईल.

रिमोट असल्याशिवाय प्लेअर घेऊ नये. बऱ्याच प्लेअरांच्या अंगावर तीन-चारच बटणं असतात आणि सेटिंगमध्ये रिमोटशिवाय जाताच येत नाही. रिमोट चालू आहे का हे मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघता येतं: बटण दाबलं की पुढच्या काचेत जांभळट ठिपका चमकताना दिसतो. काही मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यानं बघा.

शेवटी लेन्सबद्दल विचारा: ‘अण्णा, ह्याची लेन्स मिळते काय?’ सगळीकडं मिळणारी लेन्स असेल तर तो लगेच हो म्हणेल. ‘बघावं लागेल’ असं उत्तर आलं तर लेन्स गेली की प्लेअर गेला असं धरूनच भाव करा. लेन्ससकट सगळं ठीक असेल तरी जुन्याला मी स्वतः हजाराच्या वर देणार नाही.

वीज, ओल आणि तंबाखूची धूळ

हेस्कॉमची वीज गावाकडं संध्याकाळी उतरते, हे नवीन नाही. प्लेअरच्या पाठीवरचा पट्टा वाचा. ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असेल तर आतला सप्लाय कमी दाबावरही निभावून नेतो, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. फक्त २३० लिहिलेलं असेल तर गावाकडच्यांनी टाळावा. प्लेअर दहा-पंधरा वॉटच खातो, त्यामुळं घरातल्या इन्व्हर्टरला त्याचा भार होत नाही.

कमी दाबापेक्षा वळवाचा पाऊस जास्त धोक्याचा. एप्रिल-मे महिन्यात ढग गडगडायला लागले की प्लेअरची पिन काढाच, पण डिशची वायरही काढा. विजेचा झटका डिशच्या वायरीतून सेटटॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि एचडीएमआयच्या वायरीतून प्लेअरमध्ये येऊ शकतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात भिंतींना ओल येते तशी लेन्सवरही बाष्प धरतं आणि सीड्यांवर बुरशी चढते. पावसाळ्यात प्लेअर आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. सीड्या प्लॅस्टिकच्या थैलीत कोंबून न ठेवता उभ्या, डबीत ठेवा.

निपाणी भागात तंबाखूची बारीक धूळ. वखारीजवळच्या किंवा विडीचं काम चालणाऱ्या घरात ती ट्रेच्या फटीतून आत जाते आणि लेन्सवर बसते. वापर नसताना वर कापड घालावं, पण चालू असताना काढावं, नाहीतर यंत्र तापतं. लेन्स साफ करायची ब्रशवाली सीडी मिळते. महिन्यातून एकदा ठीक, रोज लावू नका.

कोल्हापुरात घ्यावा की बेळगावात

निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, खानापूरकरांना बेळगाव. भावात फार फरक नसेल तर ज्या गावाला तुमचं महिन्यातून एकदा जाणं होतं तिथंच घ्या, कारण वॉरंटीत प्लेअर उचलून न्यायचा असतो. कंपनीची वॉरंटी आणि ‘आमची दुकानाची गॅरंटी’ यांतला फरक विचारून घ्या. दुकानाची गॅरंटी त्या दुकानापुरती. कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळीला जावं लागतं, हेही आधीच विचारा.

जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का मारून घ्या. दुकान सीमेपलीकडं आहे म्हणून तक्रार तिकडंच करावी लागेल असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणं ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूची तक्रार निपाणीकर बेळगावला करू शकतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीचं शुल्क नाही. दोन हजारांच्या प्लेअरसाठी कोण एवढं करणार, हे खरं. पण आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन केला तरी पुष्कळदा दुकानदाराचा सूर बदलतो.

पोर्टेबल घेणार असाल तर चार्जरवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणीखूण आणि ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक बघा. तो नसलेला चार्जर घरात आणू नका.

जोडल्यावर

सेटअपमध्ये ‘टीव्ही सिस्टिम’ ऑटो किंवा मल्टीवर ठेवा. चित्र वरखाली पळत असेल किंवा रंग गेले असतील तर रिमोटवरचं ‘पी/एन’ बटण दाबत जा. पूर्वीच्या लग्नांत माणसं आडवी, जाडजूड दिसत असतील तर ते शूटिंग ४:३ आकाराचं आहे. टीव्हीचा आकार ४:३ करा, कडेला काळे पट्टे आले तर येऊ देत.

एचडीएमआयवर चित्र आहे पण आवाज नाही, ही नेहमीची अडचण. ‘डिजिटल आउटपुट’ हे ‘रॉ’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वरून ‘पीसीएम’वर आणा. सिनेमात गाणी मोठी आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर ‘डाउनमिक्स’ हे ‘स्टिरिओ’ करा. पाच स्पीकरांचा आवाज टीव्हीच्या दोन स्पीकरांत नीट मिसळतो.

सीडी पुसायची ती मऊ सुती कापडानं, मधल्या भोकापासून कडेकडं सरळ. गोल गोल पुसलं तर चरा माहितीच्या ओळीवरूनच जातो. थिनर, टूथपेस्ट असले उपाय नकोत. व्हीसीडीची वरची, चित्राची बाजू जास्त जपा, कारण माहितीचा थर त्या चित्राच्या लगेच खाली असतो आणि तिथला खोल चरा भरून येत नाही. डीव्हीडीत तो थर दोन पातळ चकत्यांच्या मधे असतो, म्हणून ती त्या बाजूनं थोडी सोसते. डीव्हीडीवर कागदी लेबल मात्र चिकटवू नका. तोल जाऊन ती थरथरते.

चालतायत तोवर उतरवून घ्या

प्लेअर आला, सीडी लागली, की त्याच आठवड्यात लग्नाच्या सीड्यांची कॉपी करून घ्या. घरी लॅपटॉप आणि ड्राइव्ह नसेल तर झेरॉक्स-कॉम्प्युटरवाल्याकडं किंवा शूटिंगवाल्याकडं हे काम होतं. घरच्या शूटिंगला कॉपी रोखणारं कुलूप नसतं, त्यामुळं अडचण येत नाही. व्हीसीडीतल्या ‘डॅट’ फायली उचलून पेनड्राइव्हवर घ्या. त्या व्हीएलसीवर तशाच लागतात, आणि नावाचं शेपूट ‘एमपीजी’ केलं तर इतर ठिकाणीही लागू शकतात. वाचताना मध्येच अडकणारी सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा, एकाला जमत नाही ते दुसऱ्याला जमतं. डीव्हीडीतल्या ‘व्हीओबी’ फायली जास्तीत जास्त एकेक जीबीच्या तुकड्यांत असतात. ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर जसाच्या तसा उचला. त्यातला एखादाच तुकडा घेतलात तर मंगलाष्टकं मध्येच तुटतील.